नवशाची पाठ

वडप्यात नवशाला आजवर कोणी दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही. चार मुलींच्या पाठीवर झालेला मुलगा, आणि तोही नवसानं, त्यामुळे नाव शोधायला कोणी लांब गेलंच नाही. त्याच्या आईनं, ठमाबाईनं, वज्रेश्वरीला सांगितलं होतं की मुलगा दे, मी जिती आहे तोवर दर चैत्रात अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडात अंघोळ करून तुझ्या पाया पडेन, आणि पोरगा हाताशी आला की तोच मला घेऊन येईल. हे शेवटचं देवीनं मागितलं नव्हतं. ते ठमाबाईनं आपल्या मनानं वर घातलं. द्यायचं तर हात सैल सोडून द्यायचं, असा तिचा स्वभाव. पुढं सगळं अडलं ते नेमकं ह्या वरच्या घालण्यापाशी.

देवीनं दिलं आणि ठमाबाईनंही शब्द पाळला. पहिली काही वर्षं पोर कडेवर, मग बोट धरून, मग पोरगा पुढं आणि ती मागं. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले, तेव्हा शेजारणींनी समजावलं की आता देवीला घरूनच हात जोड. ठमाबाई ऐकते कसली. मग नवशानं तिला दोन्ही हातांवर उचललं आणि कुंडाच्या पायऱ्या उतरवून पाण्यात नेऊन बसवलं. दुसऱ्या वर्षीही तसंच, आणि मग दर वर्षी. लोक वळून बघायचे. पायऱ्यांवर कपडे धूत बसलेल्या बायका एकमेकींना कोपर मारून दाखवायच्या, मुलगा असावा तर असा. नवशा मान खाली घालून चालायचा, पण कान तिकडंच लागलेले. अख्ख्या वर्षात एवढा मान त्याला दुसरीकडं कुठं मिळत नव्हता आणि तो त्याला फार आवडायचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

बाकीचं वर्ष गोदामात जायचं. वडप्याची भातशेती गोदामांखाली गेली त्याला बरीच वर्षं झाली. नवशानं लहानपणी जिथं खेकडे धरले तिथं आता पत्र्याच्या उंच शेड, आणि आत टीव्हीपासून टिकल्यांपर्यंत सगळं खोक्यांत भरून ठेवलेलं. नवशा तिथं लोडर होता. अंगानं काही फार दांडगा नव्हे, पण त्याची एक गोष्ट त्या सगळ्या रांगेत ठाऊक होती. माल उचलायच्या आधी तो मालाला तळहात लावायचा, जरासा कलता करायचा आणि वजन सांगायचा. काट्यावर ठेवून बघितलं तर फार तर अर्ध्या किलोचा फरक. मुकादम नव्या लोडरांना मुद्दाम त्याच्या हाताखाली द्यायचा, आणि नवशा त्यांना एकच धडा द्यायचा.

"मालाला इचारल्याबिगर उचलू नको. तो सांगतो, किती हाय तो. मंग दम भर, न मंग उचल."

असा हा माणूस अधू झाला तो पाण्याची बाटली उचलताना. सहा वर्षांपूर्वीची फाल्गुनातली दुपार. फ्रिजचा भरलेला कंटेनर रिकामा करून झाला होता, सगळे घाम पुसत होते, आणि नवशा जमिनीवरची बाटली घ्यायला वाकला. कमरेत काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला ऐकू आला. बाकी कोणाला आला नाही. तो वाकला तसाच राहिला. भोवतीची माणसं आधी हसली, कारण नवशाला थट्टेची खोड होती. मग हसायची थांबली.

मणक्यातल्या दोन गाद्या सरकल्या होत्या. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला की बघा, सगळं जागच्या जागी बसलंय. फोटो खरा होता. पण कमरेपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत तापलेली तार ओढावी तशी जी कळ जायची ती काही त्या फोटोत नव्हती, आणि ती थांबेना. पंधरा मिनिटांच्या वर बसवत नाही, अर्ध्या तासाच्या वर उभं राहवत नाही, कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागते. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर अंग गरम लागतं. पाठीचं दुखणं दिसत नाही. न दिसणाऱ्या दुखण्यावर माणसं वर्षभर विश्वास ठेवतात, मग त्यांना कंटाळा येतो. दुसऱ्या वर्षी गोदामातले सोबती यायचे बंद झाले. तिसऱ्या वर्षी कोणीतरी म्हणालं की नवशाला आता बसून खायची चटक लागली. ते फिरून त्याच्या कानावर आलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

घरात खाटेवर ठमाबाई, खाली चटईवर नवशा. बायको कमळ त्याच रांगेतल्या एका गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायला जाऊ लागली. कामाला जायच्या आधी आणि आल्यावर ती सासूला धरून, म्हणजे खरं तर ओढत, मोरीत न्यायची आणि परत आणायची. नवशा चटईवरून बघत असायचा. ज्या हातांनी त्यानं आईला कुंडात उतरवलं ते हात शाबूत होते. पाठ तेवढी नव्हती. आईचे पाय फरशीवरून घासत जायला लागले की तो भिंतीकडं तोंड करायचा. त्याला त्या वेळी मरून जावंसं वाटायचं, आणि हे रोज दोनदा.

चैत्र आला की घर आणखी गप्प व्हायचं. पहिल्याच वर्षी कमळनं सुचवलं होतं की शेजारच्या कुमारची रिक्षा आहे, दोन माणसं धरून नेतील आत्याबायला. ठमाबाईनं मान हलवली.

"ज्याच्यापायी बोलले त्यानीच न्यायाचा. परक्याच्या हातावर बसून देवीला काय तोंड दावू?"

मुलींनीही येऊन सांगून पाहिलं. नाही म्हणजे नाही. आणि वर तिच्या मनानं घेतलं की नवस चुकला म्हणूनच पोराची पाठ बरी होत नाही. आता पाठ बरी नाही म्हणून नवस चुकतोय, आणि नवस चुकतोय म्हणून पाठ बरी होत नाही, ह्या फेऱ्यातून बाहेर कसं पडायचं? ठमाबाई हे बोलून दाखवायची नाही. पण चैत्रातल्या दुपारी तिला झोप लागायची नाही आणि ओठ हलत राहायचे. ती कोणाची माफी मागते आहे हे खाली पडलेल्या नवशाला चांगलं कळायचं. असे सहा चैत्र गेले. ठमाबाई अठ्ठ्याहत्तरीला आली. एकदा, फक्त एकदा, आईला उचलून कुंडात न्यायचं, नवशाला ह्यापलीकडं आयुष्याकडून काही नको होतं.

पौषात कुमारनं बातमी आणली. भिवंडीत, टेमघरच्या बाजूला, एका धर्मादाय दवाखान्यात जुनाट दुखण्यांसाठी वेगळी खोली उघडली होती. कुठल्याशा कॉलेजनं काही महिन्यांसाठी नवी यंत्रं दिली होती. कुमार त्याला रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवा घालून घेऊन गेला. तिथं क्षितिजा नावाची फिजिओथेरपिस्ट होती, टेमघरचीच, तिशीच्या आतबाहेरची.

"दहापैकी किती दुखतं, काका?"

"बारा."

ती हसली नाही. तिनं कागदावर बारा लिहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याचं म्हणणं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं, आणि नवशाला ती मुलगी तिथंच आवडली.

तिनं त्याला समजेल असं सांगितलं. "तुमची जखम भरलीय, काका. पण मेंदूला ते अजून पटलेलं नाही. गोदामात आगीची घंटा बिघडली की धूर नसतानाही वाजत राहते ना, तसं चाललंय. आपण तिला हळूहळू शिकवायचं की आग विझली."

मग तिनं त्याच्या डोळ्यांवर एक काळा डबा बांधला आणि पट्टा डोक्यामागं आवळला. ती त्याला व्हीआर म्हणायची. नवशा चष्मा म्हणायला लागला आणि मग दवाखान्यात सगळेच चष्मा म्हणायला लागले.

चष्म्यात एक तळं होतं. चारी बाजूंनी डोंगर, पाण्यावर धुकं, काठाला दगड. मान वळवली की डोंगरही वळायचे. कानात पाण्याचा आवाज, आणि एक बाई हळू आवाजात श्वास घे, श्वास सोड सांगत होती. नवशानं खाली बघितलं आणि दचकला.

"माजे पाय कुठं हायेत?"

"तिथं नाहीत. इथं खुर्चीवर आहेत, घाबरू नका."

ज्या डाव्या पायानं सहा वर्षं त्याला झोपू दिलं नाही तो पाय त्या तळ्याकाठी नव्हताच. नवशा बघत राहिला. वीस मिनिटांनी क्षितिजानं चष्मा काढला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मधली काही मिनिटं, पाच म्हणा, सात म्हणा, त्याला दुखणं आठवलंच नव्हतं. कळ गेली नव्हती. चष्मा निघाला तशी ती परत आली, ओळखीच्या माणसासारखी खुर्चीत येऊन बसली. पण मधली पाच मिनिटं त्याची स्वतःची होती. नवशा रडला. आजूबाजूला लोक होते तरी रडला, आणि क्षितिजानं त्याला रडू दिलं.

आठवड्यातून दोनदा असं सुरू झालं. घरीही दिवसातून तीनदा डोळे मिटून तळ्याकाठी बसायचं आणि तसाच श्वास घ्यायचा. महिन्याभरात बाराचे नऊ झाले, मग सात. तो पाऊण तास उभा राहू लागला, मग तासभर. कमळ म्हणाली की तुमच्या तोंडावर जरा रया आली.

पाचव्या आठवड्यात क्षितिजानं चष्म्यातलं चित्र बदललं. आता समोर गोदाम होतं. सरकता पट्टा, पट्ट्यावर पेट्या, बाजूला फळ्या. वाकायचं, पेटी उचलायची, फळीवर ठेवायची. हातात धरायला दोन छोटे दांडे दिले होते, त्यांचं बटण दाबलं की पेटी हाताला चिकटायची. नवशा आधी हसत सुटला.

"ही थप्पी कोनी लावली? खाली हलका न वर जड. दोन दिसांत कोसलंल."

"काका, ह्या पेट्यांना वजनच नाही."

"मंग कसला गोदाम?"

पण थट्टा वेगळी आणि वाकणं वेगळं. पेटी समोर आली की त्याचं अंग लाकूड व्हायचं. सवयीनं त्यानं तळहात पुढं केला, पेटीला विचारायला, आणि हाताला काहीच लागलं नाही. वाकलो तर तुटेन, ही भीती त्याच्या हाडात बसली होती. दोन वेळा तो नुसताच उभा राहिला आणि घरी आला. तिसऱ्या वेळी वाकला. काही तुटलं नाही. पुन्हा वाकला. त्या दिवशी अकरा पेट्या झाल्या. पुढं वीस, मग चाळीस. तळहात पुढं करणं सुटलं, दम भरणंही सुटलं, कारण तिथं त्याचा उपयोग नव्हता. नुसतं वाकायचं आणि उठायचं. क्षितिजा टाळ्या वाजवायची. पन्नाशी उलटलेला नवशा टाळ्यांनी लाजायचा.

त्यानंतर खऱ्या वस्तू आल्या. आधी रिकामी बादली, मग पाच लिटर पाणी, मग दहा. क्षितिजानं त्याला बजावून ठेवलं होतं.

"पंधरा किलोच्या वर आत्ता नाही. सहा वर्षं पाठीच्या स्नायूंनी काम केलेलं नाही. भीती गेली म्हणजे ताकद आली असं नाही, काका."

नवशानं तिला नवसाची गोष्ट सांगितली होती. तिनं सगळी ऐकून घेतली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "ह्या नाही, पुढच्या चैत्रात. असंच चालू ठेवलंत तर पुढच्या चैत्रात मी स्वतः येईन बघायला."

नवशानं मान डोलावली. पण पुढचा चैत्र आई बघेल हे त्याला कोण लिहून देणार होतं? मुलगी तरुण होती. तिला वर्ष म्हणजे बारा महिने वाटत होते.

चैत्र लागला. एका दुपारी कमळ कामावर असताना नवशा खाटेपाशी गेला. त्यानं आईच्या पाठीखाली तळहात घातला, जरासं कलतं केलं. अडतीस, त्याच्या हातानं सांगितलं. एके काळी अडतीस किलो म्हणजे त्याला एका बगलेचं ओझं होतं. तो वाकला, दुसरा हात गुडघ्यांखाली घातला आणि उठला. ठमाबाई वर आली.

"नवशा?"

"मीच."

तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आंधळ्या माणसासारखा. त्यानं तिला दारापर्यंत नेलं आणि परत आणून ठेवलं. पाठ दुखली, पण ती कधी दुखत नव्हती? दुसऱ्या दिवशी त्यानं तिला ओटीवर नेलं. तिसऱ्या दिवशी अंगणात. कमळला सांगायचं नाही असं मायलेकांनी ठरवलं, आणि तेवढे नऊ दिवस त्या घरात कोणीतरी सुखी होतं. ठमाबाईनं जुनं हिरवं लुगडं काढून घडी करून उशाशी ठेवलं.

दहाव्या दिवशी त्यानं कमळला सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"म्याडमला इचारला का?"

"इचारला," नवशा म्हणाला.

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. म्हणूनच कमळनं विश्वास ठेवला.

जत्रेची गर्दी नको म्हणून ते आठ दिवस आधीच निघाले, सकाळी लवकर, कुमारच्या रिक्षातून. आधी अकलोलीला अंघोळ, मग वज्रेश्वरीला दर्शन. कुंडावर चारपाच माणसं होती. नवशानं आईला उचललं. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. पाय जागेवर पडत होते. बाजूची एक म्हातारी बघत उभी राहिली आणि तिनं हात जोडले, देवीला की त्याला, कोण जाणे. नवशानं मान खाली घातली. छाती मात्र भरून आली होती. शेवटच्या पायरीवरून त्यानं आईला ऊन पाण्यात अलगद सोडलं, गळ्यापर्यंत.

ठमाबाईनं डोळे मिटले. सात वर्षांचं पाणी होतं ते. कमळ तिची पाठ चोळत होती, आणि म्हातारी हळूहळू सैल होत गेली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हाडं न हाडं निवली गो." नवशानं तिला अर्धा तास बसू दिलं. घाई कसली होती?

मग तो पाण्यात उतरला, आईच्या पाठीखाली आणि गुडघ्यांखाली हात घातले आणि उचललं. पाण्यात ती हलकी झाली होती, चष्म्यातल्या पेटीसारखी. हाताला काही लागलंच नाही. त्यानं विचारलं नाही, दम भरला नाही, नुसता वाकला आणि उठला, चाळीस वेळा शिकवल्यासारखा. दोन पायऱ्या तो तसाच चढला. आई पाण्याबाहेर आली आणि वजन आलं. नऊवारी लुगडं पाणी पिऊन बसलं होतं. गोदामात पावसाळ्यात कापडाची गाठ भिजली तर तिला एकट्यानं हात लावायचा नाही, दोन माणसं लागतात. हे शेंबड्या पोराला कळतं, आणि कित्येकांना तर ते नवशानंच शिकवलं होतं. त्याच्या हातांवर आता अडतीस नव्हते, पन्नासच्या आसपास होते. हे त्याला कळलं तेव्हा कळ सणकत गेली होती, कमरेपासून अंगठ्यापर्यंत, आणि डावा गुडघा आपोआप वाकला.

त्यानं आईला सोडलं नाही. तो खाली बसला, तिला धरून बसला. पण ओलं लुगडं हातातून निसटलं आणि ठमाबाईचं कंबरडं पायरीच्या कडेवर आपटलं. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसता आवाज झाला, कोरडं लाकूड मोडल्याचा, आणि या वेळी तो सगळ्यांना ऐकू आला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी हृदय तपासलं आणि सांगितलं की भूल सोसणार नाही. मुली आल्या, रडल्या, घरी न्या म्हणाल्या. ठमाबाई परत आपल्या खाटेवर आली, आणि आता तिला कूस बदलायलाही हात लावता येईना. जन्मभर जिनं तोंडातून हूं काढलं नाही ती म्हातारी रात्रंदिवस कण्हायला लागली. गोळ्यांनी ग्लानी यायची, ग्लानीतही कण्हणं चालूच. कमळनं नवशाला एकदाच विचारलं, "इचारला म्हनलावता ना तुमी?" त्यानंतर ती त्याविषयी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नवशाची पाठ पुन्हा पहिल्यासारखी झाली. आता त्याला ती कमीच वाटायची. चटईवर पडल्या पडल्या तो आईचं कण्हणं ऐकायचा आणि मनातल्या मनात पाठीला म्हणायचा, अजून दुख. नवसही अर्धाच राहिला होता. अंघोळ झाली, पाया पडायचं राहिलं. "देवीच्या पाया पडलो ना आपुन?" ठमाबाई ग्लानीत विचारायची, आणि नवशा पडलो म्हणायचा. पहिल्या खोट्यानंतर दुसरं जड गेलं नाही.

क्षितिजाला त्यानं स्वतः जाऊन सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. "मी पंधरा म्हटलं होतं ना, काका," तिच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तिनं ओठ दाबले.

"तू बराबर सांगितलावता, पोरी," नवशा म्हणाला. त्या दिवशी तो तिला पहिल्यांदा पोरी म्हणाला.

चष्म्याला दोष देणं सोपं होतं, आणि वडप्यात पुष्कळांनी तो दिला. नवशानं दिला नाही. चष्म्यानं त्याला खोटं काही सांगितलं नव्हतं. वाकलास तर तुटणार नाहीस, एवढंच सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. वजन सांगायचं काम त्याच्या स्वतःच्या हाताचं होतं. इतकी वर्षं भीतीनं त्याला जखडून ठेवलं, पण त्याच भीतीनं आई सांभाळली होती. ती भीती गेली त्याचा त्याला एवढा आनंद झाला की तो विचारायचंच विसरला.

वैशाखात कॉलेजची मुदत संपली आणि यंत्रं परत जायची ठरली. त्याच्या आदल्या दुपारी क्षितिजा स्कूटीवरून वडप्याला आली. पिशवीत एक चष्मा होता. ती दारात घुटमळली.

"आजींना दाखवू का थोडा वेळ? बरं होणार नाही त्यानं. पण थोडा वेळ विसर पडेल."

कमळनं नवशाकडं बघितलं. नवशानं मान डोलावली. क्षितिजानं ठमाबाईचे पांढरे केस कानांमागं सारले आणि पट्टा अगदी सैल बांधला. तेवढ्या बारक्या तोंडावर तो काळा डबा फार मोठा दिसत होता. तिनं तळं लावलं.

पहिली दोनतीन मिनिटं काही फरक पडला नाही. मग कण्हणं विरळ झालं. मग थांबलं. सव्वा महिन्यात पहिल्यांदा खोलीत पंख्याचा आवाज ऐकू आला. ठमाबाईची मान थोडी डावीकडं वळली, थोडी उजवीकडं.

"आलो का रं?" ती म्हणाली.

"कुठं, आये?"

"कुंडावर. धूर निंगते पान्यातून."

नवशानं क्षितिजाकडं बघितलं. तिनं नजर खाली वळवली.

"आलो," नवशा म्हणाला.

"कोनी आनला मना? तूच ना?"

"मीच आनला."

म्हातारीच्या चेहऱ्याचा जेवढा भाग डब्याखाली उघडा होता तेवढा हसला. तिचा हात चादरीवरून चाचपडत आला, त्याच्या मनगटाला लागला आणि घट्ट धरून राहिला.

"मंग हलूहलू उतर. पायरी वली हाय. मी न्हाय पडाची, माजी काय कालजी करू नको. तू तुजी पाट सांबाल."

कमळ तोंडात पदर घालून बाहेर गेली. नवशा खाटेपाशी वाकला. कळ अंगठ्यापर्यंत गेली, ती त्यानं जाऊ दिली. एक हात आईच्या पाठीखाली हळूच घातला, न उचलता, आणि तसाच वाकून राहिला.

"उतरतोय, आये," तो म्हणाला.